डाव्या कुशीतली भीती

मला झालेला आजार फार थोड्यांना होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी हे लिहायला बसले, कारण त्या आजारात मी जे केलं ते करणारी माणसं थोडी नसावीत. आजार माझ्या पोटात होता आणि शिक्षा दुसऱ्याच बाईने भोगली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला स्वतःची बाजू सावरून घेता येणार नाही.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही सुरतेला सलाबतपुऱ्यात राहत होतो. हे तार ऑफिसात होते, मी मराठी शाळेत लहान वर्गांना शिकवायचे. घरात आम्ही दोघं, आमची पाच वर्षांची शैला आणि ह्यांची मोठी बहीण द्वारकाक्का. अक्का अमळनेरच्या. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यांचे यजमान गेले, आणि माझ्या सासूबाई वारल्यावर ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. मी शाळेत असले की शैला त्यांच्यापाशी. शैला पहिला शब्द बोलली तो 'आई' नव्हे, 'अक्का'. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. निदान तोवर तरी.

आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. पाहुणे विचारायचे, "तुम्ही राहता कसे इथं?" आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. सुटीच्या दिवशी माग बंद असले की मात्र घर एकदम रिकामं वाटायचं. अशाच एका सुटीच्या दुपारी ते पहिल्यांदा आलं.

मोरीतला नळ अगदी खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर होता. मी वाकून हंडा भरत होते. उभी राहिले आणि वाटलं, घरात कुणीतरी आलंय. दार लावलेलं होतं. उन्हाचा पट्टा होता तिथेच होता. पण छातीत कुणी आतून दार ठोकावं तसे ठोके पडू लागले. घाम फुटला, कपाळ फुटेल असं दुखू लागलं. हाताकडे पाहिलं तर बोटं चुन्यासारखी पांढरी. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी आधी, एक खात्री आली होती, की आता काहीतरी भयंकर होणार आहे आणि ते माझ्या पाठीमागे उभं आहे.

मी वळले. पाठीमागे अक्का उभ्या होत्या.

"काय व्हयनं व माय तुले?" त्यांनी विचारलं. घाबरल्या की त्या अहिराणीवर यायच्या.

दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं. मी अंथरुणावर पडून राहिले. अक्कांनी लिंबाचं सरबत दिलं ते मी प्याले. त्या दिवशी प्याले.

*

मग ते येतच राहिलं. कधी आठवड्याने, कधी दिवसाआड. नेहमी दिवसाउजेडी. मला अंधाराची भीती वाटेनाशी झाली, इतकी मी दुपारला भिऊ लागले.

भीती म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. साप दिसतो, मग भीती वाटते. माझं उलटं होतं. भीती आधी यायची, सगळीच्या सगळी, आणि मग मी खोलीत साप शोधत फिरायचे. खुंटीवरचा सदरा कुणी गळफास घेऊन लटकल्यासारखा दिसायचा. शैला पाटीवर काहीतरी गिरवत असायची आणि तिची वाकलेली मान पाहून मला वाटायचं, ही माझी मुलगी नाही.

शाळेत एकदा खडू खाली पडला. तो उचलून मी मान वर केली तर वर्गातल्या साऱ्या मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मला कळलं की या मुलींना माहीत आहे. काय माहीत आहे ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. नंतर मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाईंचं तोंड मेलेल्या माणसासारखं झालं होतं."

त्या दिवशी मला लांब रजेवर पाठवलं. दोन डॉक्टर झाले. झटका ओसरल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसायचे, तेव्हा सगळं ठीक असायचं. त्यांनी शक्तीचं औषध दिलं, मन रमवा म्हणाले. यात त्यांचा दोष नाही. मी त्यांना भीतीचं सगळं सांगितलं, पण ती येते तेव्हा मी काय करत असते हे सांगितलं नाही, कारण मलाच ते दिसलं नव्हतं.

शेजारच्या हंसाबेन रोज डोकावून जायच्या. एकदा त्या माझ्या उशाशी बसून हळूच म्हणाल्या, "विमळाबेन, कोईनी नजर लागी छे."

कुणाची, ते त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात कुणी नव्हतंच. पण त्या निघून गेल्या आणि मी पडल्या पडल्या मोजू लागले. नळाशी अक्का होत्या. देव्हाऱ्यापुढे रांगोळी काढताना झालं तेव्हा अक्का होत्या. शैलाची चप्पल पलंगाखालून काढताना झालं तेव्हाही. शाळेत त्या नव्हत्या, पण त्या दिवशी डबा कुणी भरून दिला होता?

एकदा नाव मिळाल्यावर मला केवढा आराम वाटला, तो आजही आठवतो. ते वाईट होतं पण त्यात आराम होता. साप सापडला होता.

*

अक्का माझ्या मागे मागे असायच्या हे खरं होतं. मी पडेन, डोकं आपटून घेईन म्हणून त्या स्वयंपाक टाकून माझ्या मागे येत. ते मला कळत होतं, आणि तरीही मी त्यांच्या हातचं खाणं बंद केलं. शैलाला त्यांच्या कुशीतून उठवून आणू लागले. ह्यांना सांगितलं की हे सगळं अक्कांमुळे होतंय.

"विमल, ती माझी आई आहे."

"म्हणूनच तुम्हाला दिसत नाही."

त्यावर ह्यांनी बूट घातले आणि ऑफिसला निघून गेले. त्या महिन्यांत आम्ही एकमेकांशी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

चैत्रातल्या एका रविवारी देवापुढे वाकून मी निरांजन उचललं आणि झटका आला. तोवरच्या सगळ्यांहून मोठा. निरांजन हातातून पडलं. मागून कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरले.

"हात लावू नका!" मी ओरडले. "तुम्हीच करता हे! माझं घर पाहिजे तुम्हाला, माझी मुलगी पाहिजे!"

हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. दारात हंसाबेन. शैला पलंगावर उभी. अक्कांनी हात मागे घेतले आणि त्या हातांकडे बघत राहिल्या. पुढून, मग उलटे करून. जणू त्यांनाही खात्री करून घ्यायची होती.

त्यांनी तिसऱ्या दिवशी पेटी भरली. शैलाला खोबरेल कोमट करून लावावं लागतं, एवढं मला उंबऱ्यातून सांगितलं, माझ्याकडे न बघता. हे त्यांना अमळनेरच्या गाडीत बसवून आले आणि रात्री जेवले नाहीत.

*

आठ दिवस काही झालं नाही. मी घर धुऊन काढलं, गाणं गुणगुणले. ह्यांना म्हणाले, "बघा."

नवव्या दिवशी मी फरशी पुसत होते. मागे माग चालू होते, खटक-खटक, आणि माझे ठोके त्यांच्या पुढे धावू लागले. मी भिंतीला टेकून बसले. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या.

मी लिहिण्यासाठी सजवून सांगत नाही. त्यांच्या हिरवट लुगड्याचा काठ मला दिसत होता. डोक्यावरचा पदर, पुढे आलेला उजवा हात. गाडीने दिवसभराच्या अंतरावर असलेली बाई माझ्या दारात उभी होती आणि मला त्यात नवल वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आता हिला घालवणार कुठे?

झटका ओसरला तसं दार रिकामं झालं. त्यानंतर तीनदा आल्या त्या. तिसऱ्यांदा हे घरी होते. मी दाराकडे बोट दाखवलं. ह्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे पाहिलं. ते निळे पडले होते. ह्यांनी मला उचललं, रिक्षात घातलं आणि बेगमपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं होतं.

*

डॉक्टर सत्तरीचे असावेत. कानात केस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, अक्कांचंही. मला वाटलं आता हे डॉक्टरही मन रमवा म्हणणार. त्यांनी विचारलं, "ते येतं तेव्हा तुम्ही काय करत असता? मनात नाही, बेन. हातापायांनी काय करत असता?"

मी सांगू लागले. नळ. रांगोळी. खडू. चप्पल. निरांजन. फरशी.

"दर वखते तमे नीचा नमेला?"

दर वेळी खाली वाकला होतात? मी ह्यांच्याकडे पाहिलं. दीड वर्षात हे ना मला सुचलं होतं ना आणखी कुणाला.

त्यांनी मला बाकावर निजवलं, दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली. पोट चाचपत चाचपत त्यांची बोटं डावीकडे बरगडीखाली गेली आणि तिथे त्यांनी दाबलं. क्षणभर काही नाही. मग ते आलं. बटण दाबल्यावर पंखा सुरू व्हावा तसं. ठोके, घाम, ती खात्री. काचेच्या नळीतला पारा चढत चालला होता आणि दवाखान्याच्या दारात, औषधाच्या कपाटाशेजारी, अक्का येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी बोटं काढली. माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "आव्या?"

"हो. दारात."

"मधुकरभाई, दारात कोण आहे?"

"कोणी नाही," हे म्हणाले.

मला बोलता येऊ लागेपर्यंत डॉक्टर थांबले. मग साध्या सुरात म्हणाले, "बेन, मी दाबलं, मग भीती आली. भीती आली, मग त्या आल्या. तुम्ही आजवर उलटं मोजत होतात."

पुढे खूप दिवसांनी त्यांनी कबूल केलं की इतका वेळ दाबायला नको होतं. पारा पाहून तेच घाबरले होते.

*

मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. माणूस घाबरला की ती रक्तात एक रस सोडते, म्हणून पळायला बळ येतं. माझ्या डाव्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि दाब पडला की ती तो रस कारणाशिवाय ओतत होती. मला समजलं ते एवढंच, आणि एवढं पुरे.

ऑपरेशन मुंबईला झालं. सव्वा महिना तिथे होते. दिवसभराची लघवी एका मोठ्या तपकिरी बाटलीत साठवायची, चहा बंद, केळं बंद, रोज गोळ्या. वॉर्डातली बाकीची माणसं दुखण्याने कण्हत. मी मात्र कूस बदलायला भीत असे. एक नर्स होती, ती मला हात लावण्याआधी दर वेळी सांगायची, "आता मी हात लावणार हं." तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तिच्या पाळीला मी झोपू शकायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन समजावून सांगायला आले. गाठ काढताना तिला हात लागणारच, तेव्हा ती खूप रस सोडेल, त्याची तयारी ठेवली आहे, म्हणाले.

"म्हणजे मला भीती वाटेल?"

"तुम्ही झोपलेल्या असाल. तुम्हाला कळणार नाही."

"मग भीती कुणाला वाटेल?"

"शरीराला," ते म्हणाले.

हे उत्तर माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. तीन तास माझं शरीर त्या टेबलावर एकटंच घाबरून पडलं होतं, आणि मी तिथे नव्हते.

टाके निघाल्यावर एका सकाळी मी चपला घ्यायला खाली वाकले. वाकून तशीच थांबले. वाट पाहिली. काहीच आलं नाही. खालची फरशी नुसती फरशी होती. मी रडले, ह्यांनाही रडू आलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी आम्हाला दोघांना ओरडून गप्प केलं.

मग हळूहळू दुसरं काहीतरी यायला लागलं. त्याला ठोके नव्हते, घाम नव्हता. दाबलं काय आणि न दाबलं काय, ते जागचं हलत नसे.

*

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. सगळं आधीच सांगून टाकते म्हणाले होते, तरीही गाळली. अक्का निघाल्या त्याच्या आदल्या दिवशी मी अमळनेरला माझ्या मावशीला पत्र टाकलं होतं. चारच ओळी. अक्कांपासून जपून राहा, लेकराबाळांना त्यांच्या नजरेपुढे जाऊ देऊ नका. पत्र अक्कांच्या आधी पोचलं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी आणि हे अमळनेरला गेलो. अक्का चुलतभावाच्या घरामागच्या खोलीत राहत होत्या. ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. बोळातल्या बाया आपापल्या ओट्यांवर निवडण-टिपण करत बसलेल्या. एक दीड-दोन वर्षांची मुलगी दुडदुडत अक्कांकडे निघाली. समोरून तिच्या आईची हाक आली, "ये बाई, इकडे ये." पण तिची हाक येण्याआधीच अक्कांनी पदर पुढे ओढून तोंड भिंतीकडे केलं होतं. त्यांना सवय झाली होती.

आत बसून मी सगळं सांगितलं. गाठ, डॉक्टर, ऑपरेशन. पायांवर डोकं ठेवलं. त्या ऐकत होत्या, सुपाकडे बघत.

"म्हणजे मी नव्हते ना?" त्यांनी विचारलं.

"नाही अक्का. तुम्ही कशा असाल?"

"मला वाटायचं, असेल बाई माझ्यात काही. माणसाला स्वतःचं कुठं कळतं."

हे उठून बाहेर गेले.

"घरी चला अक्का," मी म्हणाले.

"येईन. पाहुणी म्हणून येईन." मग, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं, "डॉक्टरनं लिहून दिलंय का, की मी नव्हते असं?"

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

*

बेगमपुऱ्यातल्या डॉक्टरांना हे सांगायला मला लाज वाटत होती. ते हसले नाहीत. नावाचा छापील कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "मराठी तुमची, सही माझी. लिहा."

मी लिहिलं की आजार पोटातल्या गाठीचा होता आणि द्वारकाबाईंचा त्याच्याशी संबंध असल्याचा गैरसमज झाला होता.

त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. "गैरसमज झाला होता. कोणाचा?"

मी खोडून पुन्हा लिहिलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला.

पुढच्याच आठवड्यात मी एकटी अमळनेरला गेले. दुपारची वेळ होती, बाया ओट्यांवर होत्या. मावशीही आली होती. मी अक्कांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि कागद मला परत दिला.

"इथं उभं राहून वाच."

मी वाचलं. मला वर्गासमोर वाचायची सवय, तरी आवाज शेजारच्या ओट्यापलीकडे गेला नाही.

"त्या शेवटच्या ओट्यावर ऐकू गेलं नसेल," अक्का म्हणाल्या. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, मोठ्याने. "विमल यांना दीड वर्ष येणारे भीतीचे झटके त्यांच्या पोटातील गाठीमुळे येत होते. ती गाठ ऑपरेशन करून काढली आहे. द्वारकाबाईंचा या आजाराशी काहीही संबंध नव्हता. द्वारकाबाईंवर विमल यांनी घेतलेला आळ खोटा होता."

सुपांची सळसळ थांबली होती. अक्कांनी कागद माझ्याकडून घेतला, घडी करून कमरेला खोचला आणि शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

समोरच्या ओट्यावरून ती लहान मुलगी उतरली आणि बोळ ओलांडून आमच्याकडे येऊ लागली. मी तिच्या आईकडे पाहिलं. अक्का खाली मान घालून हाक यायची वाट बघत बसल्या होत्या. मुलगी ओट्याशी पोचली, दोन्ही हात ओट्यावर ठेवून उभी राहिली.

आईने हाक मारली नाही.

अक्कांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळून त्यांची साल फुंकली, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.